पुरासाठी खांबांवर, भूकंपासाठी भिंतींवर : चिपळूणच्या आमच्या घराची साडेतीन वर्षं

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या ओटीवरून माजघरात आलं आणि माळ्याच्या शिडीच्या सातव्या पायरीवर थांबलं. आई-बाबा ती रात्र माळ्यावर बसून होते. मी सावर्ड्याला शाळेत भूगोल शिकवते, राहतेही तिथेच. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल तुडवत घरी पोचले तेव्हा बाबा भिंतीला हात लावून उभे होते. आजोबांनी बांधलेलं जांभ्याच्या चिऱ्याचं घर, मातीच्या सांध्यांचं. पुराने सांध्यांतली माती धुऊन नेली होती आणि माजघराची भिंत बाहेरच्या अंगाला बोटभर कलली होती.

घर उतरवायचं, हे गणपतीपर्यंत ठरलं. आम्ही तिघं भावंडं, म्हणून वर तीन मजले आणि खाली गाड्या. खाली मोकळं सोडायचं यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं. पाणी पुन्हा आलं तर खांबांमधून येईल आणि ओसरून जाईल. पुरानंतर गावात जो तो हेच म्हणत होता, आर्किटेक्टही तेच म्हणाले. आमची जागा निळ्या पूररेषेच्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या) बाहेर पण लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) आत आहे, त्यामुळे खालचा मजला राहण्यासाठी नकोच होता. पुरावरचा हाच उपाय भूकंपात सगळ्यात नाजूक ठरतो, हे आम्हाला नकाशे हातात आल्यावर कळलं. नदीकाठी खांबांवरचं घर बांधायला निघालेल्या प्रत्येकाला ते आधी कळावं म्हणून हे सगळं तारीखवार लिहिते आहे.

आरसीसीचे नकाशे सप्टेंबर २०२२ मध्ये आले. अकरा कागद. पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टिपा होत्या: काँक्रीट एम-२०, सळई एफई-५०० (हे ताकदीचे दर्जे), भूकंप क्षेत्र ३. तिसऱ्या टिपेवर मी अडकले. क्षेत्राचा आकडा जितका मोठा, तितका भूकंपाचा धोका जास्त. भारताचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा मी दरवर्षी फळ्यावर काढते. कोयनेभोवतीचा चौथ्या क्षेत्राचा पट्टा मुलांकडून वेगळ्या रंगाने भरून घेते आणि सांगते, "आपलं चिपळूण यात." कुंभार्ली घाट चढला की कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या पुढे तिथे भूकंप झाला तेव्हा बाबा चौदा वर्षांचे होते. कौलं खडखडत अंगणात पडली, आजीने भावंडांना ओढत बाहेर काढलं आणि पुढे कितीतरी रात्री सगळे अंगणात झोपले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पोफळीला वीज करून झालेलं कोयनेचं पाणीही आमच्याच वाशिष्ठीत उतरतं. आमच्या घराची दोन्ही भयं एकाच दिशेने येतात.

मी आरसीसीवाल्यांना, म्हणजे खांब-बीमचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरना, फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तीन मजल्याच्या घराला काय होतंय? वीस वर्षं अशीच बांधतोय." ते चिडून बोलले नाहीत, समजावणीच्या सुरात बोलले, आणि त्यानेच मला जास्त काळजी वाटली. महिनाभर मी गप्प राहिले. आपण भूगोलाची शिक्षिका, इंजिनिअरला कसं विचारणार? शेवटी पुण्यातल्या धाकट्या भावाने त्याच्या ओळखीतून एका स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंचं नाव काढलं. दुसऱ्याच्या डिझाइनची तपासणी त्या करून देतात. फी ४०,००० रुपये, वेळ पाच आठवडे. दादा ठाण्याहून म्हणाला, "एकदा केलेल्या कामाचे दोनदा पैसे कशाला?" अर्धे पैसे मी घातले आणि १८ नोव्हेंबरला कागद पाठवले. तपासणी करून घ्यायची असेल तर नुसत्या पीडीएफवर भागत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन केलं त्याची मूळ फाइल आणि हिशेबाचा अहवाल आधीच मागून ठेवा. आम्हाला ते मिळवायलाच तीन आठवडे गेले.

अहवाल जानेवारी २०२३ च्या अखेरीस आला. सहा पानं. इंजिनिअर बाई स्वतः चिपळूणला आल्या, जागा पाहिली आणि मांडवात बसून बाबांना समजावून सांगितलं. ती दुपार मला शब्दन् शब्द आठवते.

पहिली गोष्ट क्षेत्राची. तिसऱ्या क्षेत्राचा गुणक ०.१६, चौथ्याचा ०.२४. म्हणजे इमारत जेवढ्या आडव्या जोराला तपासली होती, त्याच्या दीडपट जोर धरायला हवा होता. आमच्या घराचं वजन त्यांच्या हिशेबाने ७८० टन. त्या वेळच्या मानकाप्रमाणे (म्हणजे इमारतींच्या डिझाइनच्या भारतीय नियमांप्रमाणे) चौथ्या क्षेत्रात अशा इमारतीवर वजनाच्या सहा टक्के आडवा जोर धरत, म्हणजे जवळपास ४७ टन. जुन्या हिशेबात तो ३१ टनच होता.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझा सगळा विचारच बदलला. हे सहा टक्केसुद्धा खरे नव्हेत. इमारत मुळीच वाकली नाही असं धरलं तर जोर वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत जातो. मानक त्याला पाचाने भागतं, ते एका अटीवर: इमारतीने तुटायच्या आधी बराच वेळ वाकत राहिलं पाहिजे. ते वाकत राहणं सळ्यांच्या गुंफणीतून येतं. सांध्याजवळच्या रिंगा (उभ्या सळ्यांना आवळणारे सळईचे चौकोन), त्यांच्या टोकांचे वाकवलेले आकडे, सळ्यांचा जोड कुठे दिला, यांतून. "काका," त्या बाबांना म्हणाल्या, "पाचाने भागायची सवलत तुमच्या डिझाइनने घेतली आहे. पण त्यासाठीची गुंफण नकाशात कुठेच नाही."

दुसरी गोष्ट मोकळ्या मजल्याची. वरचे तीन मजले भिंतींमुळे पेटीसारखे ताठ, खाली नुसते खांब. जमीन हलली की वरची पेटी अखंड सरकते आणि सगळं वाकणं खालच्या खांबांच्या डोक्यात आणि पायात येतं. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत खाली पार्किंग असलेल्या कित्येक इमारती अशाच खालच्या मजल्यात बसल्या. भूकंपाबद्दलच्या भारतीय मानक १८९३ ची २०१६ ची आवृत्ती सांगते की मोकळ्या मजल्याचा ताठपणा वरच्या मजल्याच्या ८० टक्क्यांहून आणि ताकद ९० टक्क्यांहून जास्त हवी. वरच्या भिंतींचा ताठपणा धरून त्यांनी मोजलं तेव्हा आमचा खालचा मजला ३१ टक्के निघाला.

बाकीचं थोडक्यात सांगते. पुढच्या गॅलरीचे दोन खांब जमिनीपर्यंत येतच नव्हते, पहिल्या मजल्याच्या बाहेर काढलेल्या बीमवर उभे होते. खांब नऊ इंची होते, भिंतीत लपावेत म्हणून. सळ्यांच्या गुंफणीबद्दलच्या भारतीय मानक १३९२० मध्ये खांबाची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर आहे. जिना एका कोपऱ्यात असल्याने इमारत हलताना पिळवटण्याची भीती होती. आणि मातीची तपासणी झालेलीच नव्हती. शेजारच्या प्लॉटवर मुरूम लागला होता, तेवढ्यावर पाया ठरला होता.

बाबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मग खालचं बंद करायचं का? पाणी कुठून जाणार?"

इंजिनिअर बाईंनी मागचा कागद घेऊन नदी कुठल्या बाजूला, पाणी कुठून शिरलं, कुठून बाहेर पडलं, हे बाबांकडूनच काढून घेतलं. २००५ चं आणि २०२१ चं पाणी बाबांनी बोटाने दाखवलं. त्यावरून त्यांनी आरसीसीच्या चार भिंती बसवल्या, पायापासून गच्चीपर्यंत अखंड. दोन भिंती पाण्याच्या वाटेला समांतर, म्हणजे पाणी त्यांच्या कडेने निघून जाईल. दोन आडव्या, पण एक जिन्याला चिकटून आणि दुसरी समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे मधली वाट मोकळी राहील आणि पिळवटणंही कमी होईल. गाड्यांच्या सहा जागांच्या चार झाल्या. त्यावर दादाशी फोनवर दोन रविवार वाद झाला. शेवटी तो म्हणाला, "माझी गाडी बाहेर लावीन, पण बाबांना शांत झोप लागू दे." त्यानंतर त्याने एकदाही तो विषय काढला नाही.

वाद खरा अडला तो चिऱ्यावर. बाबांना घराच्या भिंती चिऱ्याच्याच हव्या होत्या. आमच्याकडे घर म्हटलं की चिरा. पण घनमीटरभर जांभ्याचं वजन दोन टनांच्या आसपास, एएसी ब्लॉकचं, म्हणजे बुडबुडेदार काँक्रीटच्या हलक्या ठोकळ्यांचं, त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. वरच्या तीन मजल्यांच्या भिंती बदलल्या की घर ७८० वरून ६६० टनांवर येत होतं आणि आडवा जोर सात टनांनी उतरत होता. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच म्हणाले की जुन्या घराचे चिरे कंपाउंडला आणि वृंदावनाला वापरा, वर तुमचं ते हलकं लावा. ब्लॉक घेताना एक ध्यानात ठेवा: कोकणातल्या पावसात ते पाणी ओढतात, म्हणून बाहेरून दोन थरांचं प्लास्टर आणि खांब-भिंतीच्या सांध्यावर जाळी हवीच.

मातीच्या तपासणीला मार्चचा पहिला आठवडा मिळाला. नऊ-नऊ मीटरची दोन बोअर, ४२,००० रुपये, अहवाल अठरा दिवसांनी. वर नदीची गाळमाती, ३.२ मीटरवर घट्ट मुरूम. जुन्या नकाशात पाया दीड मीटरवर होता, गाळातच! तो आकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला. आता फुटिंग (खांबांखालचे पाये) मुरुमावर नेली आणि सगळी दोन्ही दिशांना बीमने एकमेकांना बांधली.

नवं डिझाइन मे महिन्यात पूर्ण झालं. फी १,१०,०००. काँक्रीट एम-२५ झालं, खांब ३०० बाय ६०० मिलिमीटर. आर्किटेक्टना खोल्यांच्या कोपऱ्यांत खांब दिसणं पसंत नव्हतं. त्यांनी तिथे कपाटं काढली आणि आता ती कपाटंच आईला सगळ्यात आवडतात. गॅलरीचे लोंबते खांब गेले, गॅलरी दीड फुटाने आत आली.

परवानगीचा अर्ज आम्ही डिसेंबरमध्येच ऑनलाइन भरला होता. खांब हलले म्हणजे नकाशा बदलला, म्हणून तो मागे घेऊन सुधारित अर्ज करावा लागला. सोबत नव्या इंजिनिअरांचं स्थैर्याचं प्रमाणपत्र, त्यांच्या परवान्याची प्रत आणि आधीच्या आरसीसीवाल्यांचं काम सोडल्याचं पत्र. हे शेवटचं पत्र लागतं हे आम्हाला माहीतच नव्हतं आणि त्यापायी दोन आठवडे गेले. आधीच्या गृहस्थांनी ते दिलं, मनात काही न ठेवता दिलं, हे नमूद करायला हवं. नंतर एक शेरा आला: पार्किंगच्या नकाशात आरसीसीच्या भिंती नीट दाखवलेल्या नाहीत. शेरा बरोबर होता. परवानगी ३१ जुलैला हाती आली, सुधारित अर्जापासून साडेसात आठवड्यांनी. बँकेनेही नवं अंदाजपत्रक मागितलं. ते इंजिनिअर आणि आर्किटेक्ट दोघांच्या सहीने दिलं की लवकर चालतं.

पावसात पाया खणायचा प्रश्नच नव्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबर २०२३ ला, पहिली कुदळ पडली.

इथून पुढची लढाई रिंगांची. आमचा फिटर विजापूरकडचा, हाताला चलाख. रिंगेचा आकडा तो काटकोनात वाकवायचा, सगळेच तसं वाकवतात. आमच्या नकाशात १३५ अंश होता, म्हणजे आकड्याची टोकं खांबाच्या पोटात शिरली पाहिजेत, आणि वाकल्यापुढे ६५ मिलिमीटर सळई हवी. कारण सोपं आहे. जोराच्या हलण्यात खांबाच्या बाहेरचं काँक्रीट गळून पडतं. काटकोनातला आकडा तेव्हा उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. आत वळलेला आकडा धरून राहतो. हे मी त्याला दोनदा सांगितलं, पण पटलं ते तिसऱ्या दिवशी. इंजिनिअर बाईंनी दोन प्रकारच्या रिंगा त्याच्याच हाताने वाकवून घेतल्या आणि पहारीने उघडायला लावल्या. एक लगेच उघडली. मग त्याने स्वतः नमुन्याची रिंग बनवून शेडच्या खिळ्याला टांगली आणि त्याच्या पोरांना तीच माप म्हणून दिली. कामाला वेळ लागणार म्हणून त्याने किलोमागे दीड रुपया जास्त मागितला, तो मी आनंदाने दिला. नमुना टांगण्याची ही युक्ती फुकट आहे, जरूर करा.

दुसरी अडचण खांब आणि बीम जिथे भेटतात तिथली. त्या सांध्याच्या आतही रिंगा हव्यात, दहा सेंटिमीटरवर. पण बीमच्या सळ्या आत गेल्यावर तिथे हातच जात नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी त्या गाळल्या जातात. आम्ही त्या दोन तुकड्यांत करून बीम उतरवण्याआधीच ओवल्या. सळ्यांची इतकी दाटी झाली की वीस मिलिमीटरची खडी आत जाईना. सांध्यांपुरती बारा मिलिमीटरची खडी आणि बारीक सुईचा व्हायब्रेटर आणला. खांबाच्या सळ्यांचे जोडही स्लॅबच्या लगेच वर देण्याची रीत आहे. आमच्याकडे ते खांबाच्या मधल्या भागात घेतले, एका ठिकाणी निम्म्याच सळ्यांचे. म्हणजे सळई जास्त उंच उभी राहते, मुकादम कुरकुरतो, वाऱ्यात बांधून ठेवावी लागते.

प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी इंजिनिअर बाई यायच्या. आठ भेटी, दर भेटीला ५,०००. त्या तपासून सही करीपर्यंत काँक्रीटची गाडी बोलवायची नाही, हे मी ठेकेदाराशी करार करतानाच लिहून घेतलं होतं. प्रत्येक सांध्याचा फोटो मी मोबाइलवर काढला, पट्टी शेजारी धरून. खाडीची वाळू स्वस्तात देऊ करणारे दोघे आले. मिठाने सळई गंजते, मग एवढी गुंफण कशाला केली? आम्ही क्रश सँडवरच, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवरच, राहिलो.

सगळं सुरळीत झालं नाही. मे २०२४ मध्ये मी परीक्षेच्या पेपरांत अडकले असताना प्लंबरने दुसऱ्या मजल्याच्या बीमला, अगदी खांबाच्या तोंडाशी, चार इंची भोक पाडलं आणि एक रिंग कापली. संध्याकाळी पाहिलं तेव्हा मला रडू आलं. इतका जीव लावलेल्या जागीच ते भोक होतं. फोटो पाठवला, काम थांबवलं. बाईंनी न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) ते बुजवून वरून कार्बन फायबरची पट्टी गुंडाळायला सांगितली. २८,००० रुपये आणि अकरा दिवस. प्लंबरला नकाशा दाखवायचा राहून गेला होता, ही चूक माझी. पाइपांच्या जागा स्लॅबआधीच ठरवून तिथे नळकांडी ठेवा, आणि प्लंबर-इलेक्ट्रिशियनला आरसीसीच्या कामाच्या दिवशीच बोलवा.

खर्च विचारणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहिते. सळई १९ टनांची २४.५ टन झाली, ६२ रुपये किलोने ३,४१,००० जास्त. आरसीसीच्या भिंतींचं काँक्रीट आणि सेंटरिंग २,१०,०००. तपासणी, माती, नवं डिझाइन आणि भेटी मिळून २,३२,०००. एकूण ७,८३,०००. घराचा सगळा खर्च एक कोटी अठरा लाख झाला, म्हणजे शंभरातले साडेसहा रुपये. यांतले बरेच सुरुवातीलाच योग्य डिझाइन केलं असतं तरी लागलेच असते. वाया गेली ती पहिली फी आणि जवळजवळ आठ महिने.

वास्तुशांत फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. विजेचे मीटर आणि इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर आहेत. नकाशे, मातीचा अहवाल, काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या क्यूब टेस्टचे दाखले आणि सांध्यांचे सगळे फोटो तिघांच्याही कपाटात एकेक फाइल करून ठेवले आहेत. महिन्याभरात एका नातेवाइकांनी सुचवलं, रस्त्याच्या बाजूला दोन गाळे काढा, भाडं येईल. एका बाजूला विटांच्या भिंती चढवल्या की तीच बाजू ताठ होते आणि घर हलताना पिळवटतं, पाण्याची वाटही अडते. मी हे समजावत होते, तेवढ्यात बाबा उठून आत गेले आणि ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. पार्किंगमधल्या चारही भिंतींवर त्यांनी ब्रशने, थरथरत्या पण ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "ही भिंत भूकंपासाठी आहे. फोडू नये, भोक पाडू नये." खाली तारीख घातली.